काम संपवून घरी आलेले इंजिन

पांढुर्ण्याच्या माणसास आगगाडीची ओळख करून द्यावी लागत नाही. नागपूरहून निघून काटोल आणि नरखेड मागे टाकीत इटारसीकडे जाणारा मोठा लोहमार्ग आमच्या गावावरून जातो. तिगाव सोडले की सातपुड्याचा चढ लागतो, आणि पुढे तापीचे उगमस्थान मुलताई येते. नागपूर आणि इटारसी यांना जोडणारा हा दुवा १९२४ च्या सुमारास पूर्ण झाला. १९२९ साली सुरू झालेली ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस आजही याच रुळांवरून धावते. अंथरुणावर पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरून ही मालगाडी की डाकगाडी हे सांगणारी मुले आमच्याकडे घरोघरी सापडत.

याच मुलखात सौसरच्या बाजूस मात्र आगगाडीचे रूप निराळे होते. तिकडे धावे ती ‘छोटी लाईन’. मोठ्या मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर, तर या छोटीचे अवघे ७६२. म्हणजे निम्म्याहूनही कमी. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्य प्रांत होरपळून निघाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने सातपुड्याच्या डोंगरांतून हे अरुंद रूळ टाकले. १९०३ साली गोंदियाहून नैनपूरपर्यंत, १९०४ साली छिंदवाड्यास, १९०५ साली जबलपुरास, असे हे जाळे पसरत गेले. पुढे नागपूरच्या इतवारी स्थानकाहून सावनेर, केळवद, लोधीखेडा, सौसर, रामाकोणा या गावांवरून आणि भिमालगोंदीचा घाट चढून छिंदवाड्यास जाणारी शाखाही झाली. अरुंद रुळांना वळणे जवळची घेता येतात, बोगदे व पूल लहान पुरतात, खर्च थोडा लागतो. डोंगराळ आणि गरीब मुलखास परवडेल अशी ती आगगाडी होती.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सावनेर व केळवद एका राज्यात, तर लोधीखेडा व सौसर दुसऱ्या राज्यात, अशी नकाशावर रेघ पडली. छोट्या गाडीने ती रेघ फारशी मनावर घेतली नाही. सोयरिकी, बाजार, दवाखाना, लेकीबाळींची माहेरपणे हे सारे पूर्वीप्रमाणेच तिच्या डब्यांतून इकडून तिकडे जात राहिले. २०२३ साली पांढुर्णा आणि सौसर हे दोन्ही तालुके मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. परंतु या दोन गावांना सरळ जोडणारा लोहमार्ग आजही नाही.

माझ्या आईचे माहेर रामाकोण्याचे आणि सासर पांढुर्ण्याचे. म्हणजे माहेर छोट्या रुळावर आणि सासर मोठ्या रुळावर. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना ती मोठ्या गाडीने नागपुरास गेली, तेथून टांग्याने इतवारीस आली आणि छोट्या गाडीत बसली. दोन रुळांतला हा फरक तिने मला लहानपणी कितीदा तरी सांगितला होता. माझ्या मुलांना मात्र तो ठाऊक नव्हता, कारण त्यांचे बालपण स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात जात आहे.

नोकरीच्या निमित्ताने आम्ही ग्लासगोस आलो त्यास आता नऊ वर्षे होतील. थोरला तेव्हा तीन वर्षांचा होता; धाकटी तर येथेच जन्मली. येताना आईबाबांना सांगितले होते की, पाच वर्षांत परत येतो. पाचाची सात झाली, सातांची नऊ. मधल्या काळात बाबा गेले. पांढुर्ण्याच्या घरास कुलूप लागले, संत्र्याची बाग दुसऱ्यास करावयास दिली. गेल्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आली, तेव्हा घरातील थोर मंडळींना एका प्रश्नाचा निकाल लावायचा होता. ते घर ठेवावे की विकावे? दररोज रात्री मुले निजल्यावर हा विषय निघे, आणि दररोज रात्री तो अर्धवट राही.

अशा दिवसांत एका शनिवारी आम्ही सर्वजण रिव्हरसाइड संग्रहालय पाहावयास निघालो. ग्लासगोची भुयारी आगगाडी १८९६ साली सुरू झाली. लंडन आणि बुडापेस्ट यांच्या मागोमाग जगात तिचा तिसरा क्रमांक लागतो. तिचे डबे इतके बुटके व आटोपशीर की आत बसताच आई हसून म्हणाली, “ही तं आपली छोटी लाईनच झाली!” पार्टिक स्थानकावर उतरून थोडे चालले की क्लाइड नदीचा काठ लागतो. केल्व्हिन ही लहान नदी जेथे क्लाइडला मिळते, तेथेच हे संग्रहालय उभे आहे. झाहा हदीद या जगप्रसिद्ध स्त्री-वास्तुशिल्पकाराने त्याची रचना केली व ते २०११ साली उघडले. त्याचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे वरखाली होत गेले आहे. प्रवेशास पैसे पडत नाहीत. समोर नदीत ‘ग्लेनली’ नावाचे १८९६ सालचे शिडाचे जहाज नांगरून ठेवलेले आहे.

आत शिरताच मुलांचे पाय चारी दिशांना ओढू लागले. जुन्या ट्रामगाड्या, घोड्यांनी ओढावयाच्या गाड्या, भिंतीवर एकावर एक टांगलेल्या मोटारी, सायकली, भुयारी गाडीचे जुने डबे! एका भागात शंभर वर्षांपूर्वीचा रस्ताच उभा केला आहे. दगडी फरसबंदी आणि दुतर्फा दुकाने. आई त्या रस्त्याने हळूहळू चालत होती. अंगावर पातळ, पातळावर लोकरी कोट आणि पायांत सुनेने आग्रहाने दिलेले बूट.

तेवढ्यात थोरल्याने हाक मारली. “आजी, इकडे ये! हे बघ केवढे!”

ते एक काळेभोर वाफेचे इंजिन होते. संग्रहालयातील वस्तूंमध्ये सर्वांत अवजड तेच. आपल्या टेंडरसकट त्याचे वजन पावणेदोनशे टनांच्या घरात जाते. ते दक्षिण आफ्रिकेच्या रेल्वेचे ३००७ क्रमांकाचे, ‘१५ एफ’ वर्गाचे इंजिन. या वर्गाची दोनशे पंचावन्न इंजिने त्या देशात धावली. त्यांपैकी हे एक ग्लासगोच्याच पोल्मडी भागातील क्वीन्स पार्क कारखान्यात १९४५ साली घडले, बोटीत चढून आफ्रिकेस गेले आणि तेथे त्याने सुमारे चार दशके गाड्या ओढल्या. ज्या देशात १८९३ साली पीटरमारिट्झबर्गच्या स्थानकावर गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरविण्यात आले, तोच हा देश. हे इंजिन तेथे राबत होते त्या काळातही माणसांच्या कातडीचा रंग पाहून त्यांचे डबे वेगळे केले जात. इंजिनाने मात्र सगळे डबे एकाच जोराने ओढले. वाफेची इंजिने मोडीत निघाली तेव्हा ग्लासगोकरांनी आपल्या हातची ही वस्तू शोधून काढली आणि २००७ साली समुद्रमार्गे परत आणली.

धाकटीने विचारले, “बाबा, मग हे इंजिन आफ्रिकेचे की ग्लासगोचे?”

मी म्हटले, “घडले येथे आणि कामाला आले तिथे.”

“म्हणजे कुठले?” तिने पुन्हा विचारले. मुलांना अर्ध्या उत्तराने गप्प करता येत नाही.

मग मी त्यांना या शहराची गोष्ट सांगितली. १९०३ साली ग्लासगोतील तीन मोठे इंजिनांचे कारखाने एकत्र आले व ‘नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी’ स्थापन झाली. तिच्या कारखान्यांत हजारो माणसे कामास होती. तयार झालेली इंजिने स्प्रिंगबर्नच्या टेकडीवरून रस्त्याने ओढीत क्लाइडच्या धक्क्यावर आणीत, आणि ती मिरवणूक पाहावयास मुलेबाळे रस्त्यांवर उभी राहत. पुढे ज्या अजस्र यारीने ती बोटींत चढविली जात, ती फिनिस्टनची यारी नदीकाठी अद्याप उभी आहे. आता ती काही उचलीत नाही. वाफेचे दिवस सरले, कंपनीला डिझेलच्या इंजिनांत यश आले नाही, आणि १९६२ साली ती बुडाली.

“आणि आपल्याकडे?” थोरल्याने विचारले.

आपल्याकडेही! स्वातंत्र्यानंतर मालगाड्यांसाठी जी ‘डब्ल्यू. जी.’ वर्गाची इंजिने आली, त्यांतील पहिली १९५० साली याच कंपनीने घडविली. त्याच्याही कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, बंगाल-नागपूर रेल्वेच्या अरुंद रुळांसाठी ‘सी. सी.’ वर्गाची लहानशी सुबक इंजिने तिने पाठविली होती. सातपुड्याच्या रुळांवर पुढे कित्येक वर्षे याच जातीची इंजिने धूर सोडीत राहिली. मी हे सांगत असता आई माझ्याकडे टक लावून पाहत होती.

“म्हणजे आमची रामाकोण्याची गाडी इथून आली?” तिने विचारले.

“गाडी नाही आई, तिचे इंजिन. सगळी नाहीत, पण बरीचशी इथलीच.”

आई तेथील बाकावर बसली. दोन्ही नातवंडे तिच्या दोन बाजूंना बसली. नंतरची अर्धी घटका मी व माझी पत्नी काही बोललो नाही. आई आपल्या माहेरच्या बोलीत सांगत होती, आणि जी मुले घरी मराठी शब्दास इंग्रजीत उत्तर देतात, ती एकेक शब्द अडवून त्याचा अर्थ विचारीत होती.

“आमच्या गावाजवळून कन्हान वाहते. पुलावर गाडी आली का आवाज बदले. तो आवाज आला का माझी माय चुलीवर चहाचं आधण ठेवे. गाडीतून कोणी ना कोणी येणारच, हे तिले माहीत. घाटात गाडी इतकी हळू चाले, का पोट्टे खाली उतरत, बोरं तोडत अन् पुढच्या डब्यात चढत. डायवर ओरडे, पण गाडी थांबवत नव्हता. त्याले सगळ्यायची नावं माहीत होती.”

“आधण म्हणजे?” धाकटीने विचारले.

“उकळायले ठेवलेलं पाणी. त्या इंजिनाच्या पोटातही आधणच असते, बाप्पा. त्याच्यावरच तं ते चालते.”

वाफेच्या इंजिनाचे सारे शास्त्र आईने त्या एका वाक्यात सांगून टाकले. मग थोरल्याने कोळसा, बाष्पक, दट्ट्या आणि चाके यांचा संबंध आपल्या परीने तिला समजावून दिला. वाफ दट्ट्यास ढकलते, दट्ट्या दांड्यास ढकलतो आणि दांडा चाक फिरवितो. आईने तो सारा लक्षपूर्वक ऐकला, जणू तिला त्यातले काही ठाऊकच नव्हते.

निघण्याच्या वेळी ती पुन्हा त्या काळ्या इंजिनासमोर उभी राहिली. थोडा वेळ पाहून म्हणाली, “काम संपल्यावर याले घरी आणलं, चांगलंच केलं. पुसूनपासून ठेवलं. पण आता याच्यात ना पाणी, ना आग. तुम्ही लोकं घरी याल तं असे नका येऊ.”

तिने हे रागाने म्हटले नव्हते. टोमणा मारण्याचा तिचा स्वभाव नाही. परंतु परदेशी राहणाऱ्या आमच्यासारख्यांच्या मनात जो हिशेब सदैव चालू असतो, त्याच्यावर तिने नेमके बोट ठेवले. मुलांचे शिक्षण होऊ द्या, घराचे कर्ज फिटू द्या, निवृत्तिवेतन पदरात पडू द्या, मग गावी जाऊ आणि शांतपणे राहू, असे आम्ही सारेच म्हणतो. गावास आमची ओढ आहे हे खरे. पण गावाच्या वाट्यास आम्ही आमची उरलीसुरली वर्षेच राखून ठेवतो. गावही तोवर आमच्यासाठी जसेच्या तसे थांबून राहील, अशी आमची समजूत असते. छोटी लाईन थांबली नाही. २०१५ च्या अखेरीस तिची शेवटची फेरी झाली आणि रूळ उखडण्यात आले. त्या दिवशी कितीतरी लोक नुसते तिचा निरोप घेण्यासाठी स्थानकांवर गेले होते, असे आईने आम्हांस दूरध्वनीवरून सांगितले होते. आम्ही ते ऐकले आणि दुसऱ्या विषयाकडे वळलो होतो.

त्या रात्री घराचा विषय निघाला तेव्हा तो पहिल्यांदाच शेवटास गेला. घर विकावयाचे नाही असे ठरले. आम्ही लगेच परत जाऊ असे काही ठरले नाही, आणि तसे खोटे वचन आम्ही आईला दिलेही नाही. एवढे मात्र ठरले की, दर हिवाळ्यात मुलांनी पांढुर्ण्याच्या घरात राहावे, आणि कुलूप वर्षातून एकदा तरी आमच्या हाताने उघडावे. आईने आणखी एक अट घातली. “माझं इंजिन यायले दाखवा.”

त्याप्रमाणे डिसेंबरात आम्ही गावी गेलो आणि चौथ्या दिवशी सर्वजण नागपुरास निघालो. नागपूरच्या मोतीबाग भागात, रेल्वेच्या आवारात, अरुंद मार्गाचे संग्रहालय आहे. ते २००२ साली उघडले. तेव्हा हे रूळ चालू होते. आज नागपूरच्या आसपास अरुंद मार्गाची एकही गाडी धावत नाही. नागभीडकडे जाणारी शेवटची शाखाही २०१९ साली बंद झाली. ग्लासगोच्या मानाने ही जागा अगदी साधी. येथे नामवंत वास्तुशिल्पकाराचे छप्पर नाही. झाडांच्या सावलीत इंजिने व डबे उभे आहेत, आत कंदील, सिग्नलची साधने, जुनी छायाचित्रे मांडलेली आहेत, आणि मुलांसाठी बागेतून फिरणारी एक चिमुकली गाडी आहे.

छोट्या लाईनच्या वाफेच्या इंजिनाजवळ येताच थोरला म्हणाला, “किती लहान!” धाकटी मात्र दोन्ही हातांनी त्याच्या पोटावर थापटून म्हणाली, “आजी, ह्याच्यात आधण नाही.” शब्द तिला पाच महिने लक्षात राहिला होता. आईने पदर डोळ्यांस लावला आणि लगेच हसलीही.

संग्रहालय पाहून आम्ही इतवारी स्थानकावर गेलो. त्यास आता नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव दिले आहे. तेथून छिंदवाड्याकडे रुंद मार्गाची गाडी सुटते. जुन्या छोट्या रुळांच्या जागी आलेली ही गाडी वेगाने जाते, डबे प्रशस्त आहेत आणि नागपुरास दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा वेळ वाचतो. ज्यांना छोटी लाईन आठवते त्यांनीही ही सोय नाकारू नये. आई तर मुळीच नाकारीत नाही. तिने खिडकीजवळची जागा धरली. सावनेर गेले, केळवद गेले. लोधीखेड्याच्या अलीकडे राज्याची सीमा कधी ओलांडली ते कळलेही नाही. कपाशीची शेते वेचून झाली होती आणि संत्र्यांच्या बागा दिसत होत्या. सौसर आले तेव्हा डब्यात एक बाई चढल्या. दोन वाक्यांतच त्यांचे व आईचे कोणीतरी समाईक पाहुणे निघाले, आणि पुढचा सारा प्रवास त्या दोघींच्या बोलण्यात गेला.

रामाकोण्यास आम्ही उतरलो. गाडी पुढे घाटाकडे निघून गेली. फलाट नवा होता आणि आईच्या आठवणीतले काही तेथे शिल्लक नव्हते. मामाच्या घरची माणसे आम्हांस घ्यावयास आली होती. वाटेत थोरल्याने मला विचारले, “बाबा, पुढच्या वर्षी घाटापर्यंत जायचे का?”

परदेशात राहून ज्या कुटुंबांना आपल्या मुलांस संग्रहालये दाखविण्याची संधी मिळते, त्यांनी ती अवश्य घ्यावी. यॉर्क असो, ग्लासगो असो, दिल्लीच्या चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय असो, तेथे पुष्कळ शिकावयास मिळते. तेथे जाताना घरातील वडीलधारे माणूस सोबत असेल तर उत्तम. इंजिन केव्हा घडले, कोठे गेले हे पाटीवर लिहिलेले सापडते. पुलावर गाडीचा आवाज बदलला की कोणाच्या घरी चुलीवर पाणी चढे, हे मात्र कोणत्याही पाटीवर नसते. ते ज्यांना ठाऊक आहे ती माणसे आज आपल्यामध्ये आहेत. त्यांना प्रवासाचा शीण सोसवतो आहे तोवर त्यांना गाडीत खिडकीजवळ बसवावे आणि नातवंडांना त्यांच्या शेजारी.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही भिमालगोंदीचा घाट पाहणार आहोत. आईने आताच सांगून ठेवले आहे की, बोरे मिळावयाची असतील तर संक्रांतीच्या सुमारास यावे.